दीक्षेपूर्वीची चौकशी

श्रद्धेची परीक्षा म्हणजे चारित्र्याची चौकशी नव्हे. ऑस्ट्रेलियात २०१३ ते २०१७ या काळात शाही आयोगाने संस्थांमधील बाललैंगिक अत्याचारांची चौकशी केली. कॅथलिक सेमिनरीतील उमेदवारांची छाननी प्रवेशापूर्वी, शिक्षणकाळात आणि दीक्षेपूर्वीही व्हावी, अशी शिफारस त्याने केली.

भारतात २०२० च्या पॉक्सो नियमांनी मुलांशी नित्य संबंध येणाऱ्या संस्थांवर कर्मचाऱ्यांच्या पोलीस पडताळणीचे बंधन घातले. पण वेतन न घेणारा शिकाऊ पाद्री, साधक वा शिष्य ‘कर्मचारी’ कसा ठरणार? ही पळवाट बुजवलीच पाहिजे. यात धर्मस्वातंत्र्याचा संकोच नाही; राज्यघटनेचे पंचविसावे कलमच त्या स्वातंत्र्याला सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या मर्यादा घालते.

तथापि पोलिसांचा दाखला पुरेसा नाही. ज्याच्याविरुद्ध कधी तक्रारच झाली नाही, त्याची नोंद कोठून सापडणार? म्हणून गुरूविरुद्ध बोलणाऱ्या मुलाचे ऐकून घेणारा, संस्थेच्या अधीन नसलेला माणूसही हवा. मठ असो, मदरसा असो वा सेमिनरी, कार्यकर्त्यांनी सर्वत्र हाच आग्रह धरावा. संस्थेच्या अब्रूसाठी मुलाचा बळी देण्याचा अधिकार कोणत्याही धर्मपीठाला नाही.