तर्री किती होती, तेही सांगा

सावजीचे उत्तम भोजनालय कोणते, यावर दोन नागपूरकरांचे एकमत होणे कठीण. एकाला गोळीबार चौकाकडच्या मटणापुढे काही दिसत नाही, दुसरा सक्करदऱ्याचा रस्सा सोडून हलत नाही, तिसरा म्हणतो खरी चव इतवारीच्या गल्ल्यांत होती, आता उरल्या त्या पाट्या. नागपूरचा खवय्या बोलायला भीत नाही. मसाला कच्चा राहिला, खूर नीट शिजले नव्हते, पाटोडी पिठाळ लागली, भाकरी गार आणली, असे तो मालकाच्या तोंडावर सांगतो. ही रोखठोक मते गावाच्या उपयोगाची आहेत, कारण भोजनालये त्यांवरच चालतात आणि त्यांवरच बसतात. पण त्या मतांत एक गोष्ट जवळजवळ कधीच येत नाही. रस्सा किती झणझणीत होता हे सगळे सांगतात. त्यावर तेल किती तरंगत होते, हे कोणी सांगत नाही. आणि सांगितलेच तर तारीफ म्हणून.

शरीराच्या वहीत मात्र हा हिशेब उलटा मांडलेला असतो. तिथे तिखटाच्या नावावर फार थोडे लागते आणि तेलाच्या नावावर बरेच.

मिरचीतल्या कॅप्सेसिनने जीभ खरोखर भाजत नाही. उष्णता ओळखणाऱ्या चेतातंतूंवर एक ग्राही प्रथिन असते. कॅप्सेसिन त्याला चिकटले की मेंदूला भाजल्याचा खोटा निरोप जातो. 1997 मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने हे प्रथिन शोधले आणि 2021 च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. कपाळावरचा घाम, नाकाचे पाणी, लाल झालेले कान हे सगळे त्या खोट्या निरोपाचे परिणाम. तेच ग्राही अन्नमार्गाच्या दुसऱ्या टोकालाही असतात, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मटणाची पुन्हा आठवण येते. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नसल्याने तांब्याभर पाणी पिऊन आग शमत नाही; ताक किंवा दही लवकर उपयोगी पडते, कारण दुधातले केसीन कॅप्सेसिनला धरून बाजूला काढते. तिखटाने अल्सर होतो हा समज तर घराघरांत आहे. बहुतेक अल्सरमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू किंवा वेदनाशामक गोळ्या असतात. जिवाणूची बाजू दाखवून देणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना 2005 मध्ये नोबेल मिळाले. ज्यांना आम्लपित्त, मूळव्याध किंवा फिशर आहे त्यांना तिखट छळते, हे खरेच. पण निरोगी माणसाच्या रक्तवाहिन्या मिरचीने तुंबत नाहीत.

तेलाचे तसे नाही. एका ग्रॅम तेलात 9 कॅलरी, म्हणजे एका मोठ्या चमच्यात साधारण 120. वाटीवर तीन चमचे तर्री धरली तर मटणाचा तुकडा तोंडात जाण्याआधीच 360 कॅलरी आणि चाळीस ग्रॅम तेल झाले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत वरून घातलेले तेल-तूप माणशी दिवसाला 20 ते 50 ग्रॅम धरले आहे, तेही वय, प्रकृती आणि अंगमेहनत पाहून. खुर्चीत बसून काम करणाऱ्याने त्यातल्या वरच्या आकड्याकडे पाहूच नये. गंमत अशी की मिरचीचा लाल रंग आणि तिचा जाळ दोन्ही तेलातच उतरतात. त्यामुळे तिखटाचा शौकीन नकळत तेलाचाच शौकीन होऊन बसतो.

या घोटाळ्याला डॉक्टरमंडळीही जबाबदार आहेत. हृदयविकाराच्या रुग्णाला ‘तेलकट-तिखट बंद’ असे एका दमात सांगितले जाते. घरी पोहोचेपर्यंत त्यातले ‘तेलकट’ गळून पडते आणि ‘तिखट’ तेवढे लक्षात राहते. मग वाढदिवसाला मुले बाबांना सावजीकडे नेत नाहीत. वर्धा रोडवरच्या किंवा धरमपेठेतल्या वातानुकूलित हॉटेलात नेतात आणि पनीर बटर मसाला, मलाई कोफ्ता, बटर नान मागवतात. ‘काही तिखट नव्हतं, एकदम सौम्य होतं,’ असे पुढच्या तपासणीला समाधानाने सांगतात. काजूची पेस्ट, लोणी, मलई, वर मैद्याची नान आणि तिच्यावर पुन्हा लोणी! त्या जेवणापेक्षा डाळकांदा आणि ज्वारीची भाकरी, तर्री काढून, कितीतरी बरी. सौम्य चवीचे जेवण हलके असते, ही समजूत नागपूरच्या तिखटापेक्षा जास्त नुकसान करते.

सावजी स्वयंपाकाचा मूळ हिशेबही समजून घ्यायला हवा. कोष्टी विणकरांचे हे जेवण. माग चालवणाऱ्याचे अंग दिवसभर राबत असे. एम्प्रेस मिल 1877 मध्ये सुरू झाली, शहरात हातमागांबरोबर गिरणीचा कामगार वाढला, आणि गिरण्या-मागांचे दिवस फिरले तेव्हा अनेक घरांनी स्वयंपाकावर संसार चालवला. दगडफूल, खसखस, धने, मोठी वेलची यांचा काळा मसाला घराघरांत वेगळा. त्याचे प्रमाण अजूनही बाहेर सांगत नाहीत. त्या मेहनतीला ते तेल पचत होते. आज तोच रस्सा आठ तास संगणकापुढे बसलेला माणूस रात्री अकराला खातो आणि साडेअकराला आडवा होतो. तेलामुळे जठर रिकामे व्हायला वेळ लागतो, आडवे झाल्यावर आम्ल वर येते, आणि दोष पुन्हा मिरचीला मिळतो.

जुन्या सावजीत जवसाचे तेल असे, म्हणून ते आरोग्यदायी, असेही आता ऐकू येते. जवसाच्या तेलात अर्ध्याहून अधिक वाटा ओमेगा-3 गटातल्या अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा असतो, हे बरोबर. पण हेच आम्ल उष्णतेने आणि हवेने लवकर बिघडते. जवसाचे तेल हवेत वाळते, म्हणून तर ते रंग आणि वॉर्निशमध्ये वापरतात. मोठ्या आचेवर मसाला परतताना त्याचा गुण फारसा उरत नाही. ओमेगा-3 हवे असेल तर वैदर्भीय घरातली जवसाची चटणी खावी, भाकरीबरोबर. शिवाय आज बऱ्याच ठिकाणी जवसाऐवजी सोयाबीनचे किंवा पामतेल असते. खवय्याने हे विचारायला हरकत नाही.

तळणीच्या तेलाकडे तर खवय्याने खास लक्ष द्यावे. आलूबोंडा, समोसा, सांबारवडी ज्या कढईत तळतात, तिच्यातले तेल पुन्हा पुन्हा तापून त्यात ध्रुवीय संयुगे साठत जातात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्यांची मर्यादा 25 टक्के ठरवली आहे. हा नियम 1 जुलै 2018 पासून लागू आहे. दिवसाला 50 लिटरहून जास्त तेल तळणाला वापरणाऱ्यांनी त्याच्या नोंदी ठेवायच्या आहेत. छोट्या टपरीला ती नोंद लागू नाही, आणि निरीक्षक रोज संध्याकाळी प्रत्येक कढईशी उभा राहू शकत नाही. ग्राहक मात्र रोज उभा असतो. तेल काळपट व दाट झाले आहे, कढईत फेस धरतो आहे, नेहमीच्या आचेवरही धूर निघतो आहे, घास घेतल्यावर घशाशी खवट वास रेंगाळतो आहे, या खुणा ओळखायला यंत्र लागत नाही. ज्याच्या जिभेला मसाल्यातले दगडफूल कमी पडल्याचे कळते, त्याला शिळे तेल कळत नाही असे कोण मानेल?

तसेच मिठाचे. रात्री दोनला घसा कोरडा पडून उठावे लागले, तर तो मीठ जास्त झाल्याचा इशारा असू शकतो. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ सांगते. ताटावर कळत नाही आणि अंथरुणावर कळते. उन्हाळ्यातली गोष्ट आणखी निराळी. 23 मे 2013 रोजी 47.9 अंश पाहिलेल्या या शहरात दुपारी तासन्‌तास उघड्यावर राहिलेला रस्सा, खवा किंवा चटणी म्हणजे जिवाणूंची पंगत. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू अन्नात जे विष सोडतो, ते पुन्हा उकळूनही पुरते नष्ट होत नाही. ‘गरम करून देतो ना भाऊ’ यावर मे महिन्यात विसंबू नये.

मागच्या वर्षी, म्हणजे 2025 च्या जूनमध्ये, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सरकारी कार्यालयांना तेल आणि साखरेचे प्रमाण दाखवणारे फलक लावायला सांगितले. जुलैत बातमी फिरली की नागपूरच्या एम्सपासून समोसा-जिलबीवर सिगारेटसारखा इशारा येणार. खूप हसे झाले, थोडा संतापही झाला. मग सरकारने स्पष्ट केले की विक्रेत्यांच्या पदार्थांवर असा कोणताही इशारा नाही, आणि भारतीय खाऊला वेगळे काढलेले नाही. विनोद सरला आणि फलकाचा मुद्दाही त्याबरोबर वाहून गेला. मुद्दा साधा होता: खाणाऱ्याला कळू द्या. हॉटेलांत तो अजून अर्धवटच पोहोचला आहे. मेनूवर कॅलरी लिहिण्याची सक्ती दहा किंवा अधिक शाखा असणाऱ्या आणि केंद्रीय परवाना घेतलेल्या खाद्यगृहांवर आहे. पिझ्झाच्या साखळीला ती लागू होते, एकट्या भोजनालयाला होत नाही. देशात 10.1 कोटी मधुमेही असल्याचा अंदाज आयसीएमआरच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दिला. त्यांतले बरेच जण बाहेर जेवतात, आणि त्यांच्यापुढे माहिती म्हणून येते ती फक्त कोणा खवय्याच्या तोंडची.

म्हणून त्याने चार वाक्ये जास्त बोलावीत. यात नाक मुरडणे नको. नागपूरच्या खाण्यात चांगले म्हणावे असे पुष्कळ आहे. कस्तुरचंद पार्कच्या बाजूचे सकाळचे तर्री-पोहेच घ्या. नुसत्या पोह्यांनी साखर भरभर चढते. त्यावर हरभऱ्याचा रस्सा पडला की प्रथिने आणि चोथा मिळतो, चढण थोडी मंदावते. हरभरे दुप्पट, तेल निम्मे आणि वरची शेव चिमूटभर, इतके झाले तर तो नाश्ता पुष्कळ घरांतल्या ब्रेड-बटरपेक्षा उजवा ठरेल. झुणका-भाकर, पाटोडी, वांग्याची भाजी यांनाही फक्त वरचा थर नडतो.

भोजनालयाचा मालक तर्री स्वतःच्या हौसेने ओतत नाही. तेल महाग आहे. गिऱ्हाईक ‘तर्री मारके’ म्हणते म्हणून तो ओततो, आणि कमी दिसली तर ‘आजकाल हात आखडला’ अशी बदनामी होते याची त्याला धास्ती असते. तर्री वेगळ्या वाटीत मागितली, तर बहुतेक ठिकाणी वाढणारा क्षणभर पाहतो आणि आणून देतो. त्या वाटीतली एक चमचा घ्यावी, रस्सा ढवळावा आणि जेवावे. उरलेली वाटी टेबलावर तशीच राहू द्यावी, उचलताना मालकाच्या नजरेस पडेल अशी.