दुसऱ्याचे बिल दिसता कामा नये

सप्टेंबर २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातील ऑप्टस या दूरसंचार कंपनीच्या ग्राहकांची माहिती चोरीला गेली. नावे, जन्मतारखा, पत्ते, काहींच्या पासपोर्टचे आणि वाहन परवान्याचे क्रमांकही त्यात होते. ग्राहकांचा आकडा ९५ लाखांच्या आसपास. एवढी मोठी चोरी म्हणजे चोर फार हुशार असणार, असे कुणालाही वाटेल. तिथल्या नियामकाने न्यायालयात मांडलेली हकिकत वेगळी आहे. माहिती ज्या एपीआयमधून बाहेर गेली, त्यावरची परवानगीची तपासणी २०१८ मधल्या एका चुकीमुळे निकामी झाली होती. २०२१ मध्ये कंपनीने ती चूक मुख्य पत्त्यावर दुरुस्त केली, पण वापरात नसलेल्या दुसऱ्या पत्त्यावर ती तशीच राहिली. नियामकाच्या म्हणण्यानुसार हल्लेखोराला खटपट करत राहण्यापलीकडे फारसे कसब लागलेच नाही.

एपीआय म्हणजे एका संगणक प्रणालीने दुसरीकडे माहिती कशी मागायची आणि दुसरीने ती कशी द्यायची, याची ठरलेली रीत. मोबाइलवर विजेचे बिल उघडते, गाडी कोणत्या स्थानकापर्यंत आली ते कळते, वाण्याकडे यूपीआयने पैसे जातात, तेव्हा पडद्याआड याच रीतीने काम चालते. त्यामुळे ती कशी बांधली जाते हा केवळ अभियंत्यांचा विषय उरलेला नाही.

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेने हे बांधकाम फार सोपे केले आहे. जँगो हे तिचे गाजलेले फ्रेमवर्क, म्हणजे बांधकामाचा तयार सांगाडा, अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, लॉरेन्स गावच्या एका वृत्तपत्राच्या वेब विभागात जन्मले आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. बातमीच्या घाईला पुरे पडेल असे साधन त्या मंडळींना हवे होते. २०१० मध्ये सुटसुटीत फ्लास्क आले. डिसेंबर २०१८ मध्ये सेबास्टियन रामिरेझ या कोलंबियन प्रोग्रॅमरने फास्टएपीआयची पहिली आवृत्ती आणली. आज नव्याने शिकणाऱ्यांत फास्टएपीआयची मोठी चलती आहे, आणि ती रास्तच आहे.

ते साधन काय करते, ते जवळून पाहण्यासारखे आहे. समजा, ग्राहकाला बिल दाखवायचे आहे. प्रोग्रॅमर ‘बिल’ असा पत्ता ठरवतो, त्यापुढे बिलाचा क्रमांक येईल असे सांगतो आणि क्रमांक हा पूर्णांकच असला पाहिजे, एवढे एका शब्दात लिहितो. बाकीचे फास्टएपीआय पाहते. कुणी क्रमांकाच्या जागी अक्षरे पाठवली, तर विनंती आत शिरतच नाही. ४२२ हा संकेतांक आणि नेमके कुठे चुकले याचा तपशील परत जातो. शिवाय कोणत्या पत्त्यावर काय मागता येते, उत्तर कोणत्या स्वरूपात मिळते, याची माहितीपुस्तिका आपोआप तयार होते. ब्राउझरमध्ये उघडून तिथल्या तिथे प्रत्येक विनंती करून बघता येते. कागदोपत्री काम टाळणाऱ्या आपल्या धंद्यावर हे मोठे उपकार आहेत.

आता १०४५ क्रमांकाचे बिल ज्याचे आहे, त्याने पत्त्यात १०४६ टाकले तर?

क्रमांक पूर्णांक आहे, बिल अस्तित्वात आहे, उत्तराचा साचाही बरोबर आहे. फ्रेमवर्कच्या दृष्टीने सारे आलबेल आहे, आणि शेजाऱ्याचे बिल नाव-पत्त्यासकट पडद्यावर येते. ते मागणाऱ्याच्या मालकीचे आहे का, हा प्रश्न प्रोग्रॅमरने विचारला नाही, तर कोणतेही फ्रेमवर्क त्याच्या वतीने विचारत नाही. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प या संस्थेने एपीआयमधल्या धोक्यांची यादी २०१९ मध्ये केली आणि २०२३ मध्ये सुधारली. दोन्ही वेळा पहिला क्रमांक याच दोषाचा आहे.

इथे रचनेचा प्रश्न येतो. मालकीची तपासणी प्रत्येक फंक्शनमध्ये पुन्हा पुन्हा लिहिली, की पन्नासातल्या एखाद्या ठिकाणी ती राहतेच. फास्टएपीआयमध्ये ती एकदाच वेगळी लिहून ‘डिपेंड्स’च्या मदतीने हव्या त्या पत्त्यांना जोडता येते. बिले, तक्रारी, ग्राहक असे विषयवार राउटर, म्हणजे पत्त्यांचे गट, करून संपूर्ण राउटरलाच तपासणी लावली, तर त्यात उद्या येणारा नवा पत्ताही तिच्यातून सुटत नाही. ऑप्टसची चूक एका जागी दुरुस्त होऊन दुसरीकडे राहिली, हे लक्षात घेतले म्हणजे या शिस्तीची किंमत कळते. उत्तरात कोणते रकाने जावेत, हेही ‘रिस्पॉन्स मॉडेल’मध्ये आधीच ठरवावे. डेटाबेसमधली अख्खी नोंद पाठवायची आणि अॅपने हवे तेवढे दाखवायचे, ही सवय घातक आहे; अॅप जे दाखवत नाही, तेही जाणकाराला दिसतेच.

किती वेळा विचारू द्यायचे, हेही आधीच ठरवायला हवे. एप्रिल २०२५ मध्ये यूपीआय सेवा खोळंबली, तेव्हा व्यवहाराची स्थिती विचारणाऱ्या विनंत्यांचा बँकांकडून झालेला भडिमार हे कारण समोर आले. त्याच वर्षी १ ऑगस्टपासून एका अॅपमधून दिवसाला ५० वेळाच शिल्लक तपासण्याची मर्यादा लागू झाली. अशी मर्यादा पहिल्या दिवसापासून असावी.

महाविद्यालयांतल्या प्रोजेक्टच्या परीक्षेत ‘चालते का’ एवढेच विचारले जाते, आणि नोकरीच्या मुलाखतीतही बहुतेकदा तेच. हे बदलायला हवे. परीक्षकाने दोन खाती उघडावीत, एकाने लॉगिन करून दुसऱ्याचा क्रमांक टाकावा आणि काय दिसते ते पाहावे. चांगल्या रचनेत ‘सापडले नाही’ सांगणारा ४०४ हा संकेतांक येतो, म्हणजे असे काही आहे याचाही पत्ता लागत नाही. ही चाचणी पाच मिनिटांची आहे, आणि पायथनमध्ये एकदा लिहून ठेवली की प्रत्येक बदलानंतर आपोआप चालवता येते.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दंडाची वाट कशाला पाहायची? राज्यातले विभाग, महापालिका आणि सहकारी बँका यांनी सॉफ्टवेअरच्या निविदेतच ही चाचणी अट म्हणून घालावी आणि तिचा निकाल हाती आल्याशिवाय कंत्राटदाराचे शेवटचे देयक मंजूर करू नये.