प्रिन्स्टनचं टपाल

इमॅन्युएल वेलिकोव्स्की पेशाने मनोविश्लेषक. १९५० साली ‘वर्ल्ड्स इन कोलिजन’ या पुस्तकात त्याने ठोकून दिलं, की शुक्र गुरूतून धूमकेतूसारखा बाहेर पडला, इसवी सनापूर्वी १५००च्या सुमारास पृथ्वीजवळून गेला आणि बायबलमधली संकटं त्यामुळेच ओढवली. हार्वर्डचे खगोलशास्त्रज्ञ हार्लो शॅप्ली भडकले. पाठ्यपुस्तकांवरच्या बहिष्काराच्या धास्तीने प्रकाशक मॅकमिलनने हे धडाक्यात खपणारं पुस्तक डबलडे या दुसऱ्या प्रकाशकाच्या पदरात टाकलं. वेलिकोव्स्कीला हुतात्मा केला तो असा, त्याच्या विरोधकांनीच!

आइन्स्टाइन यांची तऱ्हा वेगळी. प्रिन्स्टनमध्ये दोघे एकाच गावचे. आइन्स्टाइन यांनी वेलिकोव्स्कीची हस्तलिखितं वाचली, समासात जर्मनमध्ये शेरे मारले, पत्रांतून वाद घातला. पृथ्वीवर मोठे उत्पात झाले असतील, इतपत त्यांना मान्य होतं. शुक्राची कथा मात्र शेवटपर्यंत गळी उतरली नाही.

१९५४च्या एका पत्रात वेलिकोव्स्कीने गुरूवरून येणारे रेडिओ संकेत शोधायला सुचवलं. एप्रिल १९५५मध्ये ते सापडल्याचं जाहीर झालं. एक अंदाज बरोबर आला म्हणून सबंध सिद्धान्त खरा ठरत नाही, हे भक्तांना कोण सांगणार? त्याच महिन्यात आइन्स्टाइन गेले.

वेलिकोव्स्कीची कागदपत्रं आता प्रिन्स्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. आमचा या वेळचा मुख्य लेख त्या पत्रव्यवहारावर आहे. शॅप्लींची बाजू घेऊन कुणी खरमरीत पत्र पाठवलं, तर तेही छापू.