‘नांदायला ये’ म्हणणारे न्यायाधीश

मोठ्या न्यायाधीशाचे चरित्र पदांच्या यादीने लिहिले जाते. सर चार्ल्स सार्जंट यांचेही तसेच. १८६६ साली मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती, १८८२ ते १८९५ मुख्य न्यायाधीश. आपण बायकांनी ही कारकीर्द वाचायची तर १८८६ या वर्षापासून वाचू या.

रखमाबाईचे लग्न अकराव्या वर्षी लागले. मोठी झाल्यावर तिने नवऱ्याकडे, दादाजी भिकाजीकडे, नांदायला जायचे नाकारले. १८८४ मध्ये त्याने दावा लावला. न्या. पिन्हे यांनी १८८५ मध्ये तो फेटाळला. जी कधी नांदलीच नाही, तिला ‘परत’ कसे पाठवणार? शिवाय असा दावा हिंदू धर्मशास्त्रातला नव्हे, तो इंग्लंडातल्या चर्चच्या न्यायालयांतून इथे आला, असे त्यांनी दाखवून दिले. अपिलात सार्जंट आणि न्या. बेली यांनी हा निकाल फिरवला. खटला पुन्हा चालला आणि १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी हुकूम दिला: महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. खुद्द इंग्लंडात अशा दाव्यातली तुरुंगाची शिक्षा १८८४ मध्येच रद्द झाली होती!

न्यायाधीश बिचारे कायद्याने बांधलेले, असे सांगितले जाते. मग पिन्हे कशाने बांधलेले होते? कायदा तोच, पक्षकार तेच. निवड न्यायाधीशांची होती. सार्जंट यांच्यानंतर मुख्य न्यायाधीश कोण झाले? फॅरन!

रखमाबाईने तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजीने हक्क सोडला. ती पुढे लंडनला शिकून डॉक्टर झाली.

दावा मात्र सुटला नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात तो कलम ९ म्हणून बसला. आंध्र उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये ते कलम घटनाबाह्य ठरवले, पण १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले. इंग्लंडने हा दावाच १९७० च्या कायद्याने मोडीत काढला. आपण तो जपून ठेवला.

कलम नवऱ्यालाही लागू आहे, हे खरे. पण मार खाऊन माहेरी कोण येते? पोटगी कोण मागते? तिने पोटगी मागितली की त्याची ‘नांदायला ये’ म्हणून नोटीस येते. त्याला बायको नको असते, पोटगी चुकवायची असते.

मैत्रिणींनो, संसार हुकमाने होत नाही. कलम ९ रद्द झालेच पाहिजे.