चेंडू रेषेपलीकडे गेला होता का?

पराभव सर्वांनाच कटू वाटतो. परंतु ज्या पराभवात आपल्यावर अन्याय झाला असे वाटते, त्याची कटुता काही निराळीच असते. सरळ खेळून हरलेल्या संघाचे चाहते ‘प्रतिपक्ष सरस होता’ असे म्हणून चार दिवसांत मनाचे समाधान करून घेतात. मात्र पंचाच्या एखाद्या शंकास्पद निर्णयामुळे हाती आलेले अजिंक्यपद गेले, तर तो सामना त्यांच्या लेखी कधी संपतच नाही. खेळाडू वृद्ध होतात, जुने क्रीडागार पाडून त्या जागी नवे उभे राहते, आणि तरीही चार चाहते एकत्र जमले की तोच प्रश्न पुनःपुन्हा निघतो.

अशा वादांविषयी आपल्याकडे वडीलधारी माणसे बहुधा एकच उपदेश करतात: पंचाचा निर्णय शिरोधार्य मानावा आणि मुकाट्याने घरी जावे. खेळ चालू असेपर्यंत हा उपदेश अगदी योग्य आहे. शाळेच्या मैदानावर मीही तो वर्षानुवर्षे केला आहे. कारण प्रत्येक शिट्टीला बावीस जणांचे मत विचारीत बसल्यास सामना सूर्यास्तापर्यंतही पुरा व्हावयाचा नाही. परंतु सामना संपल्यानंतरही तोंड मिटून बसण्यात कोणती खिलाडू वृत्ती आहे, हे मला उमगत नाही. वाद अवश्य घालावा. प्रश्न आहे तो, वाद घालणाऱ्याने कोणते पथ्य पाळावे, एवढाच.

फुटबॉलच्या इतिहासातील अशा वादांचा मुकुटमणी म्हणजे १९६६ सालचा विश्वचषकाचा अंतिम सामना होय. ३० जुलै रोजी लंडनच्या वेम्बली क्रीडागारात इंग्लंड आणि तेव्हाचा पश्चिम जर्मनी हे संघ समोरासमोर उभे होते. नियमित वेळ संपली तेव्हा दोन्ही संघांचे दोन-दोन गोल झालेले होते. जादा वेळेच्या अकराव्या मिनिटाला इंग्लंडच्या जेफ हर्स्टने गोलाकडे पाठ असताना गर्रकन वळून चेंडू जोराने मारला. तो आडव्या दांड्याच्या खालच्या अंगास आदळला, तेथून सरळ खाली आपटला आणि पुन्हा मैदानात उसळला. जर्मनीच्या वेबरने तो डोक्याने दांड्यावरून बाहेर घालविला. इंग्लंडच्या खेळाडूंनी हात उंचावले. जर्मन खेळाडू ‘नाही, नाही’ म्हणून धावले. स्वित्झर्लंडचे पंच डीन्स्ट यांची खात्री होईना. म्हणून ते रेषापंच तोफिक बहरामोव यांच्याकडे गेले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. बहरामोव यांनी मान डोलाविली, आणि गोल दिला गेला. शेवटी हर्स्टने आणखी एक गोल केला व इंग्लंड चार विरुद्ध दोन असे विजयी झाले.

आता नियम काय सांगतो, हे येथे ध्यानी घेतले पाहिजे. चेंडू रेषेला लागून चालत नाही, अर्धा पलीकडे जाऊनही चालत नाही. संपूर्ण चेंडूने संपूर्ण रेषा ओलांडली, तरच गोल होतो. चेंडूचा व्यास सुमारे बावीस सेंटिमीटर, आणि रेषेची रुंदी जास्तीत जास्त बारा सेंटिमीटर. पायाने फटकारलेला चेंडू डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तेथे आपटून परतला, आणि तेवढ्या क्षणात एका माणसाने काही अंगुळांचा फरक दुरून ओळखावयाचा होता! जर्मन बाजूचे लोक म्हणत, रेषेवरचा चुना उडालेला आम्ही पाहिला. त्या अर्थी चेंडू रेषेवरच पडला. इंग्रज म्हणत, आमचा रॉजर हंट गोलाच्या अगदी जवळ होता; गोल झालाच नसता, तर चेंडू पुन्हा आत ढकलावयाचे सोडून तो आनंदाने मागे कशाला वळला असता? दोन्ही युक्तिवाद ऐकण्याजोगे आहेत. पुढे १९९६ साली ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी चित्रफितींवरून मोजमाप करून, चेंडू रेषेपलीकडे पूर्णपणे गेला नव्हता, असा निष्कर्ष काढला. म्हणजे जर्मन चाहत्यांची तक्रार अगदीच पोकळ नव्हती.

परंतु त्याच सामन्यात इंग्रजांचीही एक तक्रार होती, तिची आठवण कोण ठेवतो? नियमित वेळ संपावयास जेमतेम एक मिनिट उरले असताना जर्मनीला फ्री किक मिळाली आणि तिच्यातूनच वेबरने बरोबरी साधली. मुळात ती फ्री किक देणेच चुकीचे होते, आणि वाटेत चेंडू एका जर्मन खेळाडूच्या हाताला लागला होता, असे इंग्लंडच्या खेळाडूंचे म्हणणे होते. ते खरे मानले, तर जादा वेळेचा प्रश्नच उद्भवत नाही. इंग्लंड जिंकले म्हणून ही तक्रार विस्मरणात गेली. हरले असते, तर तीही आज तितक्याच आवेशाने सांगितली गेली असती. चाहत्याची स्मृती ही अशी वकिलासारखी असते. आपल्या अशिलाच्या उपयोगी पडेल तेवढाच पुरावा ती जपून ठेवते.

चुकीविषयी तक्रार करणे ही एक गोष्ट. चूक करणाऱ्याच्या सचोटीविषयी शंका घेणे ही अगदी वेगळी. बहरामोव यांच्या वाट्याला दुसरी गोष्टही आली. इंग्लंडमध्ये ते ‘रशियन रेषापंच’ म्हणून प्रसिद्ध झाले. वस्तुतः ते अझरबैजानचे. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या देशबांधवांना जर्मनांपासून सोसावे लागले होते, त्याचा सूड त्यांनी ध्वज हाती असताना उगविला, अशी एक कथा पसरली. या कथेला काडीचाही आधार नाही. परंतु ती चटकदार आहे, आणि चटकदार कथेला पुराव्याची वाण कधी भासत नाही. आपल्या संघाचे दुःख हलके व्हावे म्हणून परक्या माणसाच्या नावाला काळिमा लावण्याचा अधिकार चाहत्याला कोणी दिला?

हे केवळ नावापुरतेही राहत नाही. २००४ साली लिस्बन येथे युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत इंग्लंड व पोर्तुगाल यांचा सामना झाला. अखेरच्या मिनिटांत इंग्लंडच्या सोल कॅम्बेलने केलेला गोल स्वित्झर्लंडचे पंच उर्स मायर यांनी, गोलरक्षकाला अडथळा झाला या कारणास्तव, नाकारला. आणि पुढे पेनल्टींवर इंग्लंड हरले. निर्णय बरोबर की चूक, यावर मतभेद होऊ शकतो. परंतु इंग्लंडमधील काही वृत्तपत्रांनी त्या पंचामागे ससेमिरा लावला. शिव्यांची आणि जिवे मारण्याच्या धमक्यांची हजारो पत्रे त्यांना संगणकावर आली, आणि त्यांना पोलिसांच्या संरक्षणात राहावे लागले. एका शिट्टीपायी! येथे वाद संपलेला असतो आणि झुंडशाही सुरू झालेली असते.

नियतीला कधीकधी थट्टा करण्याची लहर येते. २७ जून २०१० रोजी दक्षिण आफ्रिकेतील ब्लुमफाँटेन येथे विश्वचषकात इंग्लंड व जर्मनी पुन्हा एकमेकांपुढे आले. जर्मनी दोन विरुद्ध एक असा पुढे असताना फ्रँक लँपार्डने मारलेला चेंडू आडव्या दांड्याला लागून खाली पडला आणि बाहेर उसळला. या वेळी चेंडू रेषेच्या चांगलाच आत पडला होता. घरी बसून पाहणाऱ्या मुलांनाही ते कळले. पंचांना मात्र दिसले नाही, आणि गोल मिळाला नाही. जर्मनीने तो सामना चार विरुद्ध एक असा जिंकला. ज्या इंग्रज चाहत्यांनी चव्वेचाळीस वर्षे ‘पंचाचा निर्णय अखेरचा’ असे जर्मनांना ऐकविले होते, तेच आता न्यायासाठी टाहो फोडू लागले. आणि ज्या जर्मनांनी तितकीच वर्षे न्याय मागितला होता, ते ‘वेम्बलीची फेड झाली’ म्हणून हसले. गोलरक्षक नॉयर यानेच पुढे सांगितले, की चेंडू आत गेला हे आपल्याला कळले होते, आणि आपण झटपट खेळ पुढे चालू ठेवल्यामुळे पंच फसले असावेत. माझ्या मते चाहत्याची खरी परीक्षा या प्रसंगी होते. चुकीचा निर्णय आपल्या विरुद्ध गेला असता त्याला चूक म्हणणे सोपे आहे. तो आपल्या पदरात पडला असता जो चाहता त्याला चूक म्हणतो, त्याचीच पहिली तक्रार मी गंभीरपणे ऐकून घेईन.

तथापि त्या आरडाओरड्याचा एक लाभ झाला, हे कबूल केले पाहिजे. फुटबॉलच्या जागतिक संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष ब्लाटर यांनी इंग्लंडच्या संघटनेपाशी दिलगिरी व्यक्त केली, आणि जुलै २०१२ मध्ये नियम ठरविणाऱ्या मंडळाने गोलरेषेवरील यंत्रणेस मान्यता दिली. गोलाभोवतीचे कॅमेरे चेंडूची जागा टिपतात आणि गोल झाला की पंचाच्या मनगटावरील घड्याळात क्षणार्धात सूचना उमटते. २०१४ सालच्या विश्वचषकात फ्रान्सचा होंडुरासविरुद्धचा एक गोल प्रथमच या यंत्रणेच्या साहाय्याने ठरला. सर्वांनी ‘निर्णय शिरोधार्य’ म्हणून मौन पाळले असते, तर ही सुधारणा झाली असती का? मला शंका आहे.

मग वाद मिटले म्हणावे, तर तसेही नाही. १५ जुलै २०१८ रोजी मॉस्को येथे फ्रान्स आणि क्रोएशिया यांच्यात अंतिम सामना झाला. एक-एक अशी बरोबरी असताना फ्रान्सच्या कॉर्नर किकवर चेंडू क्रोएशियाच्या पेरिसिचच्या हाताला लागला. अर्जेंटिनाचे पंच पिताना यांनी प्रथम खेळ चालू ठेवला. मग सहायकांच्या सूचनेवरून मैदानाच्या कडेच्या पडद्यावर ते दृश्य पाहून त्यांनी पेनल्टी दिली. फ्रान्स पुढे गेला आणि शेवटी चार विरुद्ध दोन असा विश्वविजेता झाला. चेंडू हाताला लागला, हे पडद्याने निर्विवाद दाखविले. परंतु हात तेथे नैसर्गिकपणे होता की खेळाडूने तो मुद्दाम आणला, हे पडदा कसे सांगणार? त्या सामन्यातील फ्रान्सचा पहिला गोल तर अशा फ्री किकमधून आला, की जी मुळात द्यावयास नको होती असे क्रोएशियाचे चाहते म्हणतात; आणि फ्री किकचा निर्णय पडद्यावर तपासून पाहण्याची नियमात सोयच नव्हती. सुमारे एकोणचाळीस लाख वस्तीच्या त्या चिमुकल्या देशात, फुटबॉलचा विषय निघाला म्हणजे, या दोन निर्णयांवर खल चालणारच. तो चालू द्यावा.

बहरामोव १९९३ साली निवर्तले. अझरबैजानची राजधानी बाकू येथील मोठ्या क्रीडागारास त्यांचे नाव देण्यात आले. २००४ च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडचा संघ तेथे सामना खेळावयास गेला, तेव्हा क्रीडागारापाशी त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. त्या समारंभास जेफ हर्स्ट स्वतः उपस्थित होते.