माइल्डचा चुना

रविवारची सकाळ, साडेसहाची वेळ. सोसायटीच्या गच्चीवर मी, एक प्लास्टिकची खुर्ची, स्टीलच्या पेल्यात फिल्टर कॉफी आणि हातात एक सिगार. खालून जाणाऱ्या दूधवाल्याची मोटारसायकल सोडली तर कसलाही आवाज नाही. फोन घरात चार्जिंगला लावलाय. कोणाचा बिल्ड फुटला, कोणता क्लायंट भडकला, सगळं सोमवारी.

तर मंडळी, आज जरा भांडायचा मूड आहे. भांडण सिगारशी नाही, त्याला चिकटलेल्या एका शब्दाशी आहे. तो शब्द म्हणजे 'माइल्ड'.

आधी कबुलीजबाब. मला सिगार आवडतो, आणि त्यातही हलक्या चवीचा. कनेक्टिकट शेड नावाचं फिकट तपकिरी पान बाहेरून गुंडाळलेला. अमेरिकेतल्या कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यात हे पीक कापडी मांडवाखाली घेतात. ऊन गाळून आलं की पान पातळ आणि रेशमी होतं. इक्वेडोरमध्ये हेच बियाणं लावतात, तिथे मांडवाचं काम ढग करतात. चव म्हणाल तर थोडी सायीसारखी, थोडी भाजलेल्या शेंगदाण्यासारखी, मागे वाळलेल्या गवताचा वास. मिनिटाला एखादा झुरका, त्याहून घाई केली की सिगार तापतो आणि कडू होतो. घाई केली की शिक्षा देणारी वस्तू आमच्या धंद्यात दुर्मिळ, म्हणून कौतुक जास्त.

आता भांडण नंबर एक, 'फुल बॉडी'वाल्यांशी. ही जमात तुम्हाला भेटली असेलच. ऑनसाइटहून येताना ड्युटी फ्री मधून पेटी आणतात आणि आपण हलका सिगार काढला की हसतात. "हे काय, बिगिनर्सचं आहे!" अहो, तिखट मिसळ खाऊन नाकातून पाणी काढणं म्हणजे मिसळ कळणं नव्हे. तंबाखूच्या झाडाची खालची पानं वोलादो, मधली सेको, वरची लिगेरो. वरच्या पानांना ऊन जास्त, म्हणून ती जाड आणि त्यांत निकोटिनही जास्त. सिगार बांधणारा या पानांचं प्रमाण ठरवतो. म्हणजे कडक सिगार हा ब्लेंडिंगचा एक निर्णय झाला, ओढणाऱ्याचं कर्तृत्व त्यात शून्य. यात मर्दानगी कुठून आली?

इथपर्यंत लिहून थांबलो असतो तर लेख छान खमंग झाला असता. पण भांडण नंबर दोन जास्त महत्त्वाचं आहे, आणि त्यात आरोपीच्या पिंजऱ्यात मीही आहे.

झालं असं की, मी ऑफिसात जेवताना या रविवार सकाळचं वर्णन फार रंगवून करायचो. टीममधला एक मुलगा मन लावून ऐकायचा. त्याने मोठ्या मुश्किलीने सिगारेट सोडली होती, पाच महिने झाले होते. एक दिवस कॉफी मशीनपाशी मला गाठून म्हणाला, "तू म्हणतोस तो माइल्डवाला मला पण आणून दे ना एक. सिगारेट नको, पण हे चालेल ना? माइल्डच आहे, आणि धूर आत पण घ्यायचा नसतो."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की हे दोन्ही मुद्दे माझेच आहेत. शब्दसुद्धा माझेच.

तर या शब्दाचा इतिहास बघू. सिगारेटच्या पाकिटांवर 'लाइट' आणि 'माइल्ड' अनेक वर्षं मिरवले. आकडे कुठून यायचे? यंत्रातून. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९६७ साली एक चाचणी ठरवली: यंत्राने मिनिटाला एक झुरका घ्यायचा, ३५ मिलिलीटरचा, दोन सेकंदांचा. कंपन्यांनी फिल्टरपाशी बारीक भोकं पाडली, यंत्राच्या झुरक्यात हवा मिसळली आणि टारचा आकडा उतरला. माणूस मात्र यंत्र नसतो. त्याच्या मेंदूला निकोटिनचा ठरलेला हप्ता हवा असतो, तो मिळाला नाही की तो खोल ओढतो, लवकर लवकर ओढतो, आणि ती भोकं त्याच्याच बोटांनी नाहीतर ओठांनी बुजतात. थोडक्यात, टेस्ट पास आणि प्रॉडक्शनमध्ये बोंब. बेंचमार्कसाठी कोड ट्यून करणारी माणसं आपल्याला नवीन नाहीत, फक्त इथे क्रॅश झाली ती फुप्फुसं.

युरोपियन युनियनने २००३ मध्ये हे शब्द सिगारेटच्या पाकिटांवरून उतरवले. अमेरिकेत २००९ चा कायदा आला आणि २०१० पासून तिथेही ते गेले. एफटीसीने ती चाचणीसुद्धा २००८ मध्ये वाऱ्यावर सोडली. मग पाकिटांवर शब्दांऐवजी रंग आले, गोल्ड, सिल्व्हर वगैरे. गिऱ्हाईक समजून गेलं. असो.

"पण सिगारमध्ये माइल्ड म्हणजे चव, आणि धूर आपण आत घेत नाही!" हा माझा लाडका मुद्दा. यातला पहिला अर्धा भाग खरा आहे आणि म्हणूनच तो जास्त फसवतो.

जरा गावाकडे चला. कट्ट्यावर बसलेला माणूस तळहातावर तंबाखू घेतो आणि त्याला काय लावतो? चुना. का? चुना अल्कधर्मी. त्याने निकोटिन मोकळं होतं आणि गालाच्या आतल्या नाजूक त्वचेतून थेट रक्तात जातं. शाळेत रसायनशास्त्रात नापास झालेल्या माणसालाही ही अभिक्रिया अंगठ्याने करता येते. आता सिगार. सिगारेटचा धूर आम्लधर्मी, म्हणून निकोटिन मिळवायला तो छातीत ओढावा लागतो. सिगारची पानं हवेवर वाळवून, थप्प्या लावून आंबवलेली असतात, आणि त्यांचा धूर अल्कधर्मी असतो. म्हणजे चुना आधीच लावलेला! धूर आत न घेताही निकोटिन तोंडातूनच शोषलं जातं. सिगारेटमध्ये तंबाखू एक ग्रॅमपेक्षा कमी, तर काही मोठ्या सिगारमध्ये अख्ख्या पाकिटाइतकी. आणि ज्याने आधी सिगारेट ओढलीय त्याला धूर आत घ्यायची सवय असते, तो सिगारचाही धूर आत घेण्याची शक्यता जास्त. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९८ साली सिगारवर एक जाडजूड अहवाल काढला, त्यात तोंड, स्वरयंत्र, अन्ननलिका, फुप्फुस, सगळ्यांची हजेरी आहे. फिकट पान गुंडाळलं म्हणून यातली एकही जागा वगळली जात नाही.

माइल्ड असते ती चव. धूर माइल्ड नसतो. एवढं साधं वाक्य मी जेवणाच्या टेबलावर इतके महिने बोललो नव्हतो.

त्या मुलाला मी हे सगळं सांगितलं. नाही आणून देणार, म्हणालो. त्याने विचारलं, आणि विचारायलाच हवं होतं, "मग तू का ओढतोस?"

सुचली ती सगळी उत्तरं लबाड होती. स्ट्रेस जातो, विचार करायला वेळ मिळतो, महिन्यातून दोनदाच तर... शेवटी खरं तेच सांगितलं: "आवडतं म्हणून. चूक आहे हे माहीत असून आवडतं." आवडीला आरोग्याचं सर्टिफिकेट कशाला हवं? मोदक आवडतो म्हणून कोणी त्याला प्रोटीन बार म्हणत नाही.

पण "विचार करायला वेळ मिळतो" हे मात्र डोक्यात राहिलं. डिबगिंग करताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते, म्हणून पुढचे दोन रविवार तोच प्रयोग केला. तीच गच्ची, तीच खुर्ची, तीच कॉफी, फोन घरात, फक्त सिगार नाही. पहिल्या रविवारी हातांचं काय करावं कळेना, अर्ध्या तासात खाली आलो. दुसऱ्या रविवारी तासभर बसलो. बुलबुल आले, समोरच्या बिल्डिंगमधल्या आजोबांनी तुळशीला पाणी घातलं, एक अडकलेलं डिझाइन आपोआप सुटलं. म्हणजे शांततेचं सगळं श्रेय मी सिगारला देत होतो, आणि त्यातलं बरंचसं काम खाली ठेवलेला फोन करत होता.

मग सिगार सोडला का? नाही. डब्यात तीन उरलेत, ते कधीतरी ओढेन, आणि चव घेत, हळूहळूच ओढेन. तुम्ही ओढत असाल तर तुम्हाला शिकवायला मी कोण? पण दोन गोष्टी ठरवल्यात. जेवणाच्या टेबलावर त्याची जाहिरात बंद. आणि कोणी विचारलं "माइल्ड आहे ना?" तर उत्तर एकच: "चव माइल्ड आहे. बाकी चुना आहे."

तो मुलगा आता सात महिन्यांवर आहे. परवा विचारत होता, "रविवारी गच्चीवर येऊ का? नुसता कॉफीला."

ये म्हटलं. त्या दिवशी डबा खालीच ठेवणार आहे, फोनशेजारी :-)