शिध्याबरोबर धीरही द्या

25 मार्च 2020 रोजी टाळेबंदी लागू झाली आणि भिवंडी-मालेगावचे यंत्रमाग थांबले. विणकराची मजुरी कापडाच्या मीटरवर. माग थांबला की कमाई थांबली. उत्तर प्रदेश-बिहारचे कारागीर दाटीच्या खोल्यांत अडकले. श्रमिक गाड्या 1 मेपासून सुटू लागल्या. मधल्या पाच आठवड्यांत अनेक मोहल्ल्यांनी शिधा वाटला, ही समाधानाची बाब आहे. परंतु घराच्या काळजीने ज्याची झोप उडाली, त्याला नुसता शिधा पुरत नाही. मालक आपल्याला विसरलेला नाही, हा धीर लागतो.

आमच्या मते कारखानदार बंधूंनी काही गोष्टी आजच कराव्यात. प्रत्येक कारागिराच्या गावचा फोन नंबर वहीत नोंदवावा. काम बंद असताना मुकादमावर न सोडता स्वतः विचारपूस करावी, उचलीचा तगादा लावू नये. कोणी अबोल झाला, जेवण टाकले, तर त्याला वेडा न ठरवता डॉक्टरकडे न्यावे. सरकारची ‘टेली मानस’ सेवा 2022 पासून 14416 या क्रमांकावर मोफत सल्ला देते.

घाम वाळण्यापूर्वी मजुरी चुकती करण्याची शिकवण आपल्याला आहे. घाम गाळायला कामच नसेल, त्या दिवशीही कारागीर आपलाच असतो.